गजाच्या खिडक्या

लातूर
दि. २२ जून १९८५

दादा,

पाया पडते. लांबून पडलेय, तवा आशीर्वाद जरा जोरात दे.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की यांना कामावर जरा लागलंय. ते जरा न्हाई. बांधकामावरची परांची मोडली आणि हे उजव्या खांद्यावर पडले. दवाखान्यात खांदा बसवला, हाडही जुळलं, पण हात छातीच्या वर जात न्हाई. जोर लावला की तोंड पांढरंफटक पडतंय. आणि माणूस असा की विचारलं तर म्हणतो, "काय न्हाई, हवा बदलली म्हून दुखतंय." हवा कुठं बदललीय? मिरग कोरडा गेला. आमच्या गल्लीत टँकर येतो तवा बाया एकमेकींच्या घागरी फोडायच्या राहिल्यात.

तुला माहीत हाय, लातूर जिल्हा झाल्यापासून इथं जिकडं बघावं तिकडं हापिसं उठून राहिलीत. निलंग्याकडचा नागप्पा गुत्तेदार, त्यानं एका नव्या हापिसाच्या सगळ्या खिडक्या यांना दिल्यात. सागवान आमच्या शेडमधी येऊन पडलंय. गजाच्या खिडक्या हायत. म्हंजी प्रत्येक गजाला वरच्या लाकडात भोक, मधल्या पट्टीत भोक, खालच्या लाकडात भोक. आणि तिन्ही एका रेषेत. न्हाईतर गज बसत न्हाई. हे सगळं गिरमिटाचं काम. गिरमिटाची मूठ छातीनं दाबायची आणि हातानं फिरवत बसायचं. ज्याचा खांदा गेला त्यानं कसं फिरवायचं, तूच सांग.

दिवाळी झाली की नागप्पाची गाडी खिडक्या न्यायला येणार. न्हाई झाल्या तर काम दुसऱ्याला, आणि भाडं कुठनं देणार, आम्हाला शेड सोडावी लागंल. मुरुडजवळच्या आमच्या गावी जावं तर तिथं बलुतं कोण घालणार? ज्यांच्या घरात खायला दाणा न्हाई ते सुताराला काय देणार? मंग राहिलं रोजगार हमीचं काम. एका हातानं खडी फुटत न्हाई दादा.

तुझ्या नांदेडात कुणी सुतार माणूस मिळंल का, चार महिन्यासाठी? यांना न सांगता लिहून राहिलेय. यांना कळलं तर मला शेडच्या बाहेर काढतील.

तुझी,
तारामती

———

नांदेड
दि. ९ जुलै १९८५

तारे,

पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग उस्तादांना दाखवलं. मी ज्यांच्या दुकानात विजेच्या जळक्या मोटारी पुन्हा भरतो ते मकबूल उस्ताद. ते चष्मा वर करून म्हणाले, "व्यंकटी, तेरी बहन को आदमी नहीं, मशीन भेज."

तर सुतार पाठवत नाही. एसटीच्या कंडक्टरजवळ पोत्यात बांधून एक ड्रिल मशीन पाठवतोय. एका कारखान्यानं जुनं म्हणून टाकून दिलेलं होतं, मी त्याची वाइंडिंग, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारांचे वेढे, नवी भरली, कार्बन बदलले, आता ते आमच्या दुकानातल्या सगळ्यांपेक्षा गोड आवाजात बोलतं. ही माझी ओवाळणी समज. अगोदर दिली, एवढंच.

तारे, ही काय चीज आहे हे तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. तुला कंटाळा आला तरी वाच. नव्वद वर्षांमागं जर्मनीत पहिल्यांदा कुणाच्या तरी डोक्यात आलं की लाकूड यंत्रापाशी नेण्यापेक्षा यंत्रच उचलून लाकडापाशी न्यावं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्याआधी हे कुणाला सुचलं नव्हतं! पहिलं मशीन धोंड्यासारखं जड. छातीला टेकवून दाबायचं. उस्तादांनी निजामाच्या काळात हैदराबादेला रेल्वेच्या कारखान्यात तसलंच एक पाहिलंय, दोन गडी धरायचे आणि तिसरा बटण दाबायचा. मग पुढं वीस-बावीस वर्षांनी अमेरिकेत दोघा दोस्तांनी त्याला पिस्तुलासारखी मूठ लावली आणि बोटाखाली घोडा दिला. दाबला की चालू, सोडला की बंद. बस्स. तीन गड्यांचं काम एका बोटावर आलं. मी हे मशीन उघडतो तेव्हा दर वेळी त्या दोघांना मनातल्या मनात रामराम करतो. काय अक्कल असेल गं त्यांची!

आता कामाचं ऐक. बोर्डात पिन घालायच्या आधी घोडा दाबलेला नाही ना ते बघायचं. पदर खोचून घ्यायचा, केस बांधायचे. पायात चप्पल पाहिजे. आणि पाणी लागू द्यायचं नाही. ओल्या हातानं शिवायचंसुद्धा नाही. एवढं एक पाळ.

दाजींना म्हणावं, खांदा नको, नुसतं बोट पाहिजे.

तुझा दादा,
व्यंकटी

———

लातूर
दि. १८ ऑगस्ट १९८५

दादा,

मशीन आलं. पोतं सोडलं तर पोरांनी आधी त्याचं तोंड बघून "बंदूक, बंदूक" केलं.

यांनी काय केलं माहीत हाय का? एकदा बघितलं, एकदा हातात तोललं, आणि परत पोत्यात घालून कोपऱ्यात ठेवलं. म्हणाले, "ज्याचं भोक इजंनं पडतंय तो सुतार कशाचा?" मी तुझं जर्मनीचं पुराण वाचून दाखवलं. तीन गडी आणि एक बोट वगैरे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचे बंधू लई शिकले." आणि गिरमिट घेऊन बसले. डाव्या हातानं फिरवायचे, थांबायचे, परत फिरवायचे. दिवसभरात एक गज. मला बघवंना.

मंग मीच पोतं सोडलं. पदर खोचला, केस बांधले, यांची जुनी चप्पल घातली, माझीची वादी तुटलीय म्हून. हे मुरुडला लाकडाचं बघायला गेले होते. दादा, घोडा दाबला आणि मशीननं असा हिसका दिला की मीच आडवी व्हायची राहिले. पण सोडलं न्हाई. एका फुटक्या फळीत भोक पाडलं. पाडलं म्हंजी पडलं. लोण्यात बोट घालावं तसं आत गेलं! मला हसू आलं, एकटीच हसत बसले शेडमधी. मंग दुसरं पाडलं, मंग तिसरं. फळीची पार चाळण केली.

हे परत आले, फळी बघितली. मी म्हटलं आता गरजणार. कुठलं काय! फळी उचलली, डोळ्यापुढं धरली आणि म्हणाले, "सगळी तिरपी हायत." मी म्हटलं, "मंग सरळ कसं पाडायचं ते सांगा की." तर म्हणाले, "मी काय सांगू, मी सुतार कुठं राहिलो?" हे वाक्य लई लागलं दादा मला. पण मी पण तुझीच बहीण. दुसऱ्या दिवशी यांच्यासमोरच खिडकीचं खरं लाकूड घेतलं, सागवान, आणि मशीन लावलं. बसल्या जागेवरनं ओरडले, "थांब! मूठ खाली कर! जराक अजून. डावीकडं. आता दाब." दाबलं. भोक सरळ. आरशात बघावं तसं सरळ.

तवापासून असंच चाललंय. हे दोन हात लांब उकिडवं बसून डोळ्यानं धरतात, मी हातानं धरते. मशीनला मात्र शिवत न्हाईत. नाव पण घेत न्हाईत. "ते तुमचं" म्हणतात. "ते तुमचं बंद करा, चहा घ्या."

गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघतात. एकीनं विचारलं, सुतारीण झालीस का गं? मी म्हटलं, हाव, झाले.

वहिनीला नमस्कार सांग.

तारामती

———

नांदेड
दि. ५ सप्टेंबर १९८५

सुतारीणबाई,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. उस्ताद म्हणाले, "शाबास!" आणि सगळ्यांना चहा पाजला. उस्ताद चहा पाजत नाहीत कुणाला, हे तुला माहीत नाही म्हणून सांगितलं.

गल्लीतल्या बायांना एक गोष्ट सांग. मोठ्या लढाईत अमेरिकेत पुरुष पलटणीत भरती झाले, आणि विमानांच्या कारखान्यात कोण उरलं? बाया. हजारो बायांनी हेच मशीन हातात धरून विमानाच्या पत्र्याला भोकं पाडली. लुगड्याऐवजी विजारी होत्या, एवढाच फरक. आणि काही कामगारांना त्या मशीनचा इतका लळा लागला की कारखान्यातून ते घरीच घेऊन जायला लागले. तेव्हा कंपनीवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे, हे तर घराघरात पाहिजे!

अजून ऐक. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, आपण हदगावला विहिरीचा तळ खरवडायच्या आधी, हे मशीन चंद्रावर गेलं. थट्टा नाही. तिथं कुठला बोर्ड आणि कुठली पिन! बॅटरीवर चालणारं केलं होतं. त्यांनी चंद्राला भोक पाडलं, आणि मशीनची पोकळ नळी आत अशी रुतून बसली की दोघा गड्यांनी खांदे लावून ओढली तेव्हा बाहेर आली. दाजींना हे मुद्दाम सांग. चंद्रावर जाऊनसुद्धा शेवटी खांदाच लागला. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. मशीन माणसाला हटवायला आलेलं नाही, माणसाचा हात लांब करायला आलंय.

मशीनच्या जाळीतून येणारा वारा गरम लागला की जरा थांबायचं, त्याला दम घेऊ द्यायचा. कार्बन झिजले की ठिणग्या दिसतील, तेव्हा कळव.

व्यंकटी

———

लातूर
दि. २६ ऑक्टोबर १९८५

दादा,

घाईत लिहिते. मशीन बंद पडलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चालू केलं तर फाडकन आवाज झाला, धूर निघाला, जळका वास आला. मला काही झालं न्हाई. ओळखीचे एक मास्तर नांदेडला निघालेत त्यांच्याजवळ दिलंय.

अजून दहाबारा खिडक्या राहिल्यात. तू लवकर कर. कशानं जळलं ते मला काय कळतंय.

तारामती

———

नांदेड
दि. ३० ऑक्टोबर १९८५

तारामती,

मशीन उघडलं. आत काय सापडलं ते लिहितो. कुंकू. हळद. झेंडूच्या दोन पाकळ्या. आणि सगळ्या वाइंडिंगला चिकट पाणी, नारळाचं. आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा गाभा, जळून काळा कोळसा.

मी काय सांगितलं होतं? पाणी लागू देऊ नको, एवढं एक पाळ. आणि तू लिहितेस की "मला काय कळतंय". तुला सगळं कळतं. तू कधीपासून माझ्याशी खोटं बोलायला लागलीस?

माझ्या डोळ्यांसमोर सरळ दिसतंय. दाजींना पहिल्यापासून ते मशीन डोळ्यात खुपत होतं. बायको काम करते, लोक बघतात, हे सोसवलं नाही. दसऱ्याचं निमित्त करून त्यांनी त्याच्यावर पाणी ओतलं. आणि तू पांघरूण घालून राहिलीस. ओलं मशीन, हातात घोडा, तू कशी वाचलीस हे देवालाच ठाऊक.

काम गेलं तर जाऊ दे. पोरांना घेऊन इकडं निघून ये. नांदेडात तुला उपाशी ठेवणार नाही. दाजींना राहू दे त्यांच्या गिरमिटाबरोबर.

व्यंकटी

———

लातूर
दि. २ नोव्हेंबर १९८५

दादा,

तुझं पत्र यांना दाखवलं न्हाई. चुलीत घातलं. आता शांत बसून ऐक, आणि मधी बोलू नको.

खांडेनवमीला यांनी हत्यारं काढली. तुला माहीत हाय आपल्याकडं कसं असतंय. रंधा, करवत, वाकस, पटाशी, गिरमिट, सगळी विहिरीवर नेऊन धुवायची. यंदा विहीर कोरडी. टँकरची एक घागर मी बाजूला ठेवली होती हत्यारांसाठी. पोरांना प्यायला जपून द्यायचं आणि हत्यारांना आंघोळ! पण सण म्हंजी सण. हे अंगणात बसले आणि डाव्या हातानं एकेक हत्यार धुवून, पुसून पाटावर मांडायला लागले. मी आत सैपाक करून राहिले होते. बाहेर आले तर काय बघते, यांच्या मांडीवर मशीन.

तीन महिने ज्याला शिवले न्हाईत, ज्याचं नाव घेतलं न्हाई, ते मांडीवर घेतलं होतं आणि चुळकाचुळकानं पाणी घालून धुवत होते. पोराला न्हाऊ घालावं तसं. नळीच्या तोंडातली लाकडाची भुकटी काडीनं काढली. आतल्या पंख्याच्या जाळीवर पाणी घातलं. मंग पुसलं, आणि कुठं ठेवलं? पाटावर, बापाच्या रंध्याच्या शेजारी. सगळ्यांच्या मधोमध. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. नारळ फोडून पाणी शिंपडलं. आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "यंदा घरात एक हत्यार वाढलं."

मी बोलले न्हाई दादा. मला दिसत होतं पाणी आत चाललंय. तुझं वाक्य कानात होतं. पण त्या माणसानं पडल्यापासून पहिल्यांदा मान वर करून काही म्हटलं होतं. तवा मी म्हणू का, अहो हे चुकलं, तुम्हाला कळत न्हाई? मशीन परत भरता येतंय. हे मला भरता आलं नसतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आधी उन्हात ठेवून मंग चालू केलं. मला वाटलं वाळलं असंल. न्हाई वाळलं. यांना मी सांगितलं, इजंचा दाब जास्ती आला म्हून जळलं. आणि तुला काही सांगितलं न्हाई, कारण तू हेच लिहिणार हे मला माहीत होतं.

तुला राग काढायचा तर माझ्यावर काढ. पण हे पाणी ओतून जाळणारे न्हाईत. यांनी त्याला न्हाऊ घातलं. आणि मी इथनं कुठं येणार न्हाई. मशीन पाठव.

तारामती

———

नांदेड
दि. ५ नोव्हेंबर १९८५

तारे,

मी गाढव आहे. हे पत्र ठेवून दे, मी असं पुन्हा लिहिणार नाही.

तुझं पत्र उस्तादांना वाचून दाखवलं. त्यांनी दुकानातला माल बाजूला सारला आणि स्वतः बसले वाइंडिंग भरायला. डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्यांनी हे काम सोडून बरीच वर्षं झाली. मला तार धरायला लावली, आणि भरताना पुटपुटत होते, "चाळीस साल मशीनें भरीं. किसी ने मेरी मशीन को ऐसे नहलाया नहीं."

मी एवढी पुराणं सांगितली तुला, जर्मनी, अमेरिका, चंद्र. पण हे मशीन निघाल्यापासून नव्वद वर्षांत त्याला कुणी मांडीवर घेऊन आंघोळ घातली असेल असं मला वाटत नाही. दाजींच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतंय. त्यांना खरं कधी सांगायचं ते तू ठरव. फक्त पुढच्या वर्षी हळद-कुंकू मुठीच्या बाहेरून, बोटानं, आणि कोरडं.

मशीन त्याच कंडक्टरजवळ दिलं आहे. ते आधीपेक्षा चांगलं चालेल, उस्तादांचा हात लागलाय. जाळीच्या आतून मी एक कापडाची पट्टी लावली आहे, भुकटी जाणार नाही.

एक मागतो. भाऊबीजेला ये. चार दिवस राहा. वहिनीनं तुझ्यासाठी लुगडं घेऊन ठेवलंय. या वर्षी तू फार दमली आहेस. मी दाजींनाही वेगळं कार्ड टाकतोय, परवानगीसाठी.

व्यंकटी

———

लातूर
दि. ११ नोव्हेंबर १९८५

व्यंकटराव पाव्हणे यांस,

मारोतीचा नमस्कार. मला पत्र लिहायची सवय न्हाई. चुकभूल समजून घ्यावी.

तुमचं कार्ड पावलं. मशीन पण पावलं. चांगलं चालतंय. ते इजंच्या दाबानं जळलं न्हाई हे मला माहीत हाय. मी सुतार हाय, ओलं लाकूड आणि ओला वास मला कळतो. आंघोळ मी घातली होती. तारामतीला वाटतंय मला कळलं न्हाई. तसंच वाटू द्यावं, तिला त्यात बरं वाटतंय.

काल नागप्पा गुत्तेदार खिडक्या बघायला आले. सगळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, शेवटच्या दोन बाकी. ते एकेक गज वरून सोडून बघत होते, गज सरळ खाली जाऊन खण्णकन बसत होता. एकपण अडकला न्हाई. त्यांनी मला विचारलं, "मारोती, खांदा तर गेलाय तुझा, मंग हे पाडलं कुणी? नवा मिस्त्री ठेवला काय?" तारामती पुढं होऊन बोलायला लागली, हे यांनीच, मी नुसतं धरलं. मी तिला म्हटलं, तू गप. आणि गुत्तेदाराला सांगितलं, "भोकं हिनं पाडली. मी बसून बघितली." ते तिच्याकडं वळले. मंग हात जोडून म्हणाले, "अक्का, वरच्या मजल्याच्या पण खिडक्या तुम्हीच करा."

म्हंजी गुढीपाडव्यापर्यंत काम हाय. शेड राहिली. पोरं इथल्याच शाळेत जातील.

पाव्हणे, मी लहानपणापासून हत्यार धरलं. माझ्या बापानं मला शिकवलं. एवढ्या सरळ रेषेत भोक माझ्या बापाचं पण पडत नव्हतं, माझंही न्हाई. हे मी तिला अजून तोंडावर बोललो न्हाई. मला बोलता येत न्हाई. तुम्हाला लिहून राहिलो.

आता भाऊबीजेचं. तुम्ही बहिणीला चार दिवस मागताय, तुमचा हक्क हाय. दर साली पाठवत आलो, कधी न्हाई म्हटलं न्हाई. पण दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्याचं लाकूड उतरतंय, आणि आमच्या शेडमधी मिस्त्री एकच हाय. तिला सोडलं तर काम बंद पडतंय. तवा यंदा तुम्हीच इकडं यावं, वहिनींना घेऊन. लुगडं घेऊन या.

मारोती